सुपर जे-कप १९९४ : एका रात्रीत १३ कुस्त्या, आणि सासुकेचा तो घसरलेला पाय

पेठेतला_पैलवान

मंडळी, शनिवार-रविवार धो धो पाऊस होता, बाहेर पडायची सोय नव्हती. म्हणून १६ एप्रिल १९९४ चा सुपर जे-कप पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत सलग बघून काढला. इथे जपानी प्रो रेसलिंग बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत हे ठाऊक आहे, पण जे आहेत ते भांडायला कायम तयार असतात, म्हणून धागा काढतोय.

नवख्यांसाठी थोडक्यात. ही ज्युनियर हेवीवेट, म्हणजे १०० किलोच्या आतल्या पैलवानांची बाद फेरीची स्पर्धा. कल्पना ज्युशिन थंडर लायगरची. यजमान न्यू जपान ही मोठी कंपनी (लायगर तिथलाच), पण बोलावणं मिचिनोकु प्रो, एफएमडब्ल्यू, वॉर अशा लहानसहान कंपन्यांच्या पोरांनाही. एकूण १४ जण. वाइल्ड पेगासस आणि द ग्रेट सासुके यांना पहिल्या फेरीत पुढे चाल. सगळं एका रात्रीत, तोक्योच्या र्योगोकु कोकुगिकानमध्ये.

आता परीक्षण, मला जसं वाटलं तसं.

पहिल्या फेरीत गेडोने डीन मालेंकोला हरवलं. मालेंको कसा खेळतो ते बघा, एक हालचाल फुकट नाही. सुपर डेल्फिनने शिंजिरो ओतानीला हरवलं. ओतानी तेव्हा २१ वर्षांचा, आणि आपण हरतोय हे त्याला मान्यच नाही हे चेहऱ्यावर लख्ख दिसतं. ब्लॅक टायगरने (मुखवट्याच्या आत एडी गरेरो) ताका मिचिनोकुला हरवलं. एल सामुराई विरुद्ध मासायोशी मोतेगी या लढतीत चहा करून घ्या. रिकी फुजीने निग्रो कासासला हरवलं, आणि कासाससारखा माणूस मेक्सिकोहून आणून पहिल्याच फेरीत घरी पाठवणं मला आजही पटत नाही. लायगर विरुद्ध हायाबुसा ही फेरीतली सगळ्यात मोठी लढत. हायाबुसा मेक्सिकोत नाव काढून आलेला, जपानी प्रेक्षकाला जवळजवळ अनोळखी, आणि थेट लायगरच्या अंगावर धावून जातो.

उपउपांत्य फेरीत पेगासस-ब्लॅक टायगर सरस. सासुके-सामुराई चांगली. गेडो-डेल्फिन मजेशीर. लायगर-फुजीत काय होणार हे फुजीच्या आईलाही ठाऊक असावं.

उपांत्य फेरी : पेगाससने गेडोला काढलं, ठीक. आणि मग लायगर विरुद्ध सासुके.

अंतिम फेरीत पेगाससने सासुकेला वरच्या दोरावरून गटरेंच सुप्लेक्स (कंबरेला विळखा घालून उचलून मागे आपटणं) मारून कप घेतला. लोक याच लढतीचं कौतुक करतात. माझं म्हणणं असं की रात्रीची खरी कुस्ती लायगर-सासुके हीच, आणि तिचा शेवट जपानी रेसलिंगमधल्या सर्वोत्तम शेवटांपैकी एक आहे. सासुके वरच्या दोरावर पाय ठेवून आत झेप घ्यायला जातो, पाय सटकतो, आपटतो. लायगर लांब उभा राहून टाळ्या वाजवतो. वा रे बहाद्दर, अशा थाटात. मग आरामात उचलायला जातो आणि सासुके पायांची कात्री गळ्यात घालून त्याला गुंडाळतो. एक, दोन, तीन. संपलं.

प्रश्न : तो पाय खरंच घसरला, की ठरवलेलं होतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निशाचर_नागपूर

मी पयला! वाखू (वाचनखूण) साठवली. घसरणं खरं. बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

खवचट_काकू

म्हणजे निकाल आधीच ठरलेला, मारही आधीच ठरलेला, आणि भांडण कशावरून, तर पाय ठरवून घसरला का यावरून. चालू द्या. मी शेंगा घेऊन बसलेय.

पेठेतला_पैलवान

काकू, नाटकाला जाताना नायक शेवटी मरणार हे माहीत असतंच की. तरी तिकीट काढतो ना आपण?

खवचट_काकू

नाटकात नायक तीनशे प्रयोगांत एकदाही खरंच मानेवर आपटत नाही हो.

मुंबईचा_जावई

काकूंनी एका वाक्यात विषय गुंडाळला =))

वस्ताद_नाना

आमच्याकडं असल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हंत्यात. खासबागेत आसली कुस्ती लावली तर पब्लिक फेटं फेकून मारंल. पण नातवानं दाखवली म्हणून मालेंको आन् गेडोची बगितली. त्यो मालेंको गडी तालमीतला हाय, त्यात वाद न्हाई. पाय कसा धरतो, वजन कुठं टाकतो, समोरच्याला उठू कसा देत न्हाई, हे बगून शिकण्यासारखं हाय. ह्यो कुणाचा पोरगा?

आन् तुमच्या सवालाचा जबाब. पाय सटाकला त्यो खराच सटाकला. ठरवून पडणारा गडी पाठ जमिनीला सपाट लावून पडतो, हनुवटी छातीला. खरा पडणारा आधी हात पुढं टाकतो. व्हिडिओ थांबवून बगा.

पेठेतला_पैलवान

नाना, तुमचा अंदाज बरोबर, घराणंच आहे. वडील बोरिस मालेंको हे स्वतः नावाजलेले रेसलर आणि प्रशिक्षक.

हात पुढे टाकण्याचा मुद्दा भारी आहे. पण सासुकेसारखा माणूस दोरावरून पडताना हात टाकणारच, कारण तोंडावर पडायचं नाहीये. त्यावरून ठरवलेलं नव्हतं हे सिद्ध होत नाही.

वस्ताद_नाना

मग इचारता कशाला.

रेवती_ओसाका

र्योगोकुबद्दल थोडं लिहिते, कारण नुसत्या व्हिडिओवर ती जागा कळत नाही. १९८५ मध्ये उघडलेलं हे सुमोचं घर. क्षमता साधारण ११ हजार. खालच्या मजल्यावर खुर्च्या नाहीत, लोखंडी नळ्यांनी आखलेले चौकोन आहेत. एका चौकोनात चार गाद्या, चार माणसं, मांडी घालून. चार जपानी बसतात असं म्हणतात. चार मराठी माणसं डब्यासकट बसवून दाखवावीत. मी एकदा सुमो बघायला गेले होते, तिसऱ्या तासाला शेजारच्या आजोबांचा गुडघा माझाच वाटायला लागला. बुटांसाठी वेगळी जागा, हातात चहा आणि यकितोरीचा (काडीवर भाजलेल्या चिकनचा) खोका. मातीचा आखाडा यंत्राने खाली जमिनीत उतरवता येतो, वरचं टांगतं छप्पर उचलता येतं, आणि मग तिथे रिंग लावतात. १९९४ च्या व्हिडिओत लायगर-सासुकेच्या वेळी लोक एकदम गुडघ्यांवर उठतात, ते त्या गाद्यांवरून. खुर्चीतून उठणारी गर्दी आणि जमिनीवरून उठणारी गर्दी यांचा आवाजसुद्धा वेगळा येतो.

याच हॉलमध्ये २७ डिसेंबर १९८७ ला न्यू जपानच्या प्रेक्षकांनी दंगा केला होता. कॉमेडियन बीट ताकेशीच्या टोळीने बिग व्हॅन व्हेडर या नव्या पैलवानाला आणलं, ऐन वेळी लढती बदलल्या, लोक बिथरले. हॉलवाल्यांनी न्यू जपानला १९८९ पर्यंत दारात उभं केलं नाही. निकाल ठरलेला असला म्हणून प्रेक्षकाला काहीही चालतं असं नाही, काकू.

खवचट_काकू

रेवती, ही माहिती आवडली. दंगा करणारे प्रेक्षक मला नेहमीच आपले वाटतात.

सोनचाफा

लहानपणी आमच्या चाळीत रेसलिंगचे पत्ते होते, उंची-वजन-छाती सांगून खेळायचे. त्यात हे कोणीच नव्हते. जपानी म्हटलं की फक्त तो जाडा योकोझुना. (तो मुळात जपानी नव्हताच हे फार नंतर कळलं.) हे सासुके वगैरे मंडळी अमेरिकेत कधी गेली की नाही?

निशाचर_नागपूर

आलो परत. सोनचाफा, गेली की. ताका मिचिनोकु १९९७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला आणि त्याच डिसेंबरात लाइट हेवीवेट पट्टा जिंकला. एडी, मालेंको, पेगासस ही तिघंही पुढे ईसीडब्ल्यू करत १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत (दोन्ही अमेरिकी कंपन्या). डब्ल्यूसीडब्ल्यूचा क्रूझरवेट पट्टा सुरू झाला तेव्हा पहिला मानकरी कोण? पैल्या फेरीत हरलेला आपला ओतानी! मार्च १९९६, नागोया, समोर पेगासस. नव्वदीत केबलवर जी छोटी चपळ पोरं बघून आपण वेडे झालो, त्यातली निम्मी या एका रात्रीत भेटतात.

आता मुद्द्याचं. पेठेतले, तुमचं लायगर-सासुकेवरचं प्रेम कळतं, पण अंतिम लढत सरस आहे. सासुके त्या वेळेपर्यंत सामुराई आणि लायगर दोघांशी लढून आलेला. पेगासस ब्लॅक टायगर आणि गेडोशी. दोघांची छाती भात्यासारखी हलतेय, ते खोटं नाही. तरी सासुके बाहेर झेपा टाकतोय. आणि पेगासस एकही गोष्ट अर्धवट करत नाही. प्रत्येक सुप्लेक्स पूर्ण, प्रत्येक फटका पूर्ण. शेवटचा गटरेंच वरच्या दोरावरून, अंगात त्राण नसताना. बारीकसारीक सोडा, कसब म्हणून ही लढत वरची.

डॉ_फणसे

वर सगळ्यांनी 'पेगासस' म्हणून विषय चालवला आहे, पण नाव घ्यायला हवं. वाइल्ड पेगासस म्हणजे ख्रिस बेन्वा. जून २००७ मध्ये त्याने बायको नॅन्सी आणि सात वर्षांच्या मुलाचा खून केला आणि मग आत्महत्या केली. मी १९९४ च्या या लढती पूर्वी कौतुकाने बघितल्यात. आता बघवत नाहीत. 'प्रत्येक फटका पूर्ण' हे निशाचर यांनी कौतुक म्हणून लिहिलं, मला तेच वाक्य वैद्यकीय इतिहासासारखं वाचायला येतं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की अल्झायमर झालेल्या ८५ वर्षांच्या माणसाच्या मेंदूसारखी अवस्था होती. वय चाळीस.

वरच्या दोरावरून उडी मारून आपलं डोकं समोरच्यावर आपटायचं, ही त्याची आवडती चाल. ती त्याने डायनामाइट किड या आधीच्या पैलवानाकडून उचलली, आणि त्या किडची शेवटची वर्षं व्हीलचेअरवर गेली.

निशाचर_नागपूर

डॉक्टर, पूर्ण आदर ठेवून. मी नाव टाळलं नाही, त्या रात्री तो ज्या नावाने लढला ते लिहिलं. १९९४ ची लढत २००७ ने पुसता येत नाही. सासुकेची मेहनतही त्यात आहे, ती का पुसायची? डब्ल्यूडब्ल्यूईने त्याचं नाव घेणंच बंद केलं, त्याने नॅन्सीला न्याय मिळाला का?

साधना_कर्वेनगर

न्याय मिळाला नाही, पण निदान तिच्या घरच्यांना दर आठवड्याला टीव्हीवर त्याचे गोडवे ऐकावे लागले नाहीत. हे कमी आहे का?

डॉ_फणसे

साधनाताई, सहमत.

निशाचर, पुसा असं मी म्हणत नाही. डोक्याला बसणारे मार हे सगळ्याचं स्पष्टीकरण आहे असंही म्हणत नाही. मेंदूला इजा झालेले हजारो खेळाडू कुणाला मारत नाहीत. मला एवढंच म्हणायचंय की 'कसब म्हणून वरची' असं लिहिताना त्या कसबाची किंमत कुणी मोजली तेही त्याच परिच्छेदात यावं.

निशाचर_नागपूर

हा तुमचा नियम. माझा वेगळा आहे. मी लढत बघतो तेव्हा लढत बघतो.

काडीपेटी

एका धाग्यात दंगा, खून, मेंदू. संपादक झोपलेत का? पॉपकॉर्न संपले, वडापाव मागवलाय.

मुंबईचा_जावई

विषय जरा हलका करतो. जपान आणि आपला पैलवान म्हटलं की टायगर जीत सिंग. पंजाबात जन्म, कॅनडात वस्ती, डोक्याला फेटा, हातात तलवार. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याने भर शिंजुकूत, इसेतान दुकानाबाहेर, न्यू जपान काढणाऱ्या अँटोनियो इनोकीला त्याच्या बायकोसमोर बडवलं. पोलीस आले, पेपरात बातम्या आल्या. आणि पुढची लढत बघायला ही गर्दी! हे ठरवलेलं होतं की नव्हतं यावर जपानी लोक पन्नास वर्षं वाद घालतायत. तुमच्या सासुकेचं काय घेऊन बसलात.

आबा_परळकर

जावईबापू, त्याच्याही आधीचं सांगतो. आमचे वडील वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग बघायला जायचे. गिरणीची पाळी सुटली की थेट तिथे. किंगकाँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला एमिल चाया, वजनाने डोंगर. घरी येऊन वडील आम्हाला तो कसा चालायचा ते करून दाखवायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची की फरशी फुटेल. हाच किंगकाँग १९५५ मध्ये तोक्योत रिकिदोझानशी आशियाई पट्ट्यासाठी लढला आणि हरला. म्हणजे जपानी रेसलिंगचा जो मूळ पुरुष, त्याच्या पहिल्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यांतला एक आमच्या वडिलांनी वरळीत दोन रुपयांत की कितीत बघितला होता. रिकिदोझान स्वतः आधी सुमो. त्याचेच चेले इनोकी आणि जायंट बाबा, आणि १९७२ मध्ये दोघांनी दोन वेगळ्या कंपन्या काढल्या, न्यू जपान आणि ऑल जपान.

सोनचाफा

आबा, तुमच्या वडिलांच्या चालण्याचा व्हिडिओ हवा होता :)

वस्ताद_नाना

दारासिंगाचं नाव निघालं म्हणून बोलतो. त्यो आसली कुस्तीपण लढायचा. दोन्ही येणारा गडी येगळा.

आन् डाक्टर बरोबर बोलत्यात. मातीत पडलं तरी मान मोडती, तिथं तर फळीवर पडत्यात. आमच्या वस्तादांचा पैला धडा डाव न्हवता, मान होती. मानेवर सहा म्हैनं मेहनत, मगच आखाड्यात.

रेवती_ओसाका

नाना, जपानी दोजोमध्येही (म्हणजे तालमीत) तेच. पोरांना आधी बैठका, मान आणि पडणं शिकवतात. इतकं करूनही काय होतं बघा. या स्पर्धेतला हायाबुसा २२ ऑक्टोबर २००१ ला कोराकुएन हॉलमध्ये दोरावरून मागे कोलांटी मारताना चुकला, डोक्यावर पडला, शरीर लुळं झालं. त्याचाही पाय दोरावरच चुकला होता. नंतर तो गायचा, हळूहळू आधाराने उभं राहायला शिकला. २०१६ मध्ये गेला.

आणि ओतानी. पेठेतले यांनी ज्याच्या चेहऱ्याबद्दल लिहिलं तोच. एप्रिल २०२२ मध्ये लढत चालू असताना मानेच्या मणक्याला इजा झाली. जागा कुठली? र्योगोकु कोकुगिकान.

पेठेतला_पैलवान

रेवती, हायाबुसाचं माहीत होतं. ओतानीचा हॉल तोच होता हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सोनचाफा

मी हे सगळं वाचून काल रात्री लायगर-सासुके पाहिली. आयुष्यातली पहिली जपानी कुस्ती. मला चाली कळल्या नाहीत, नावं कळली नाहीत. पण तो पडल्यावर हॉलमध्ये जो 'आऽऽ' निघतो तो आपल्याकडे कॅच सुटल्यावर निघतो तसाच. आणि लायगरच्या टाळ्या बघून मला त्याचा भयंकर राग आला. तो चांगला माणूस आहे ना? मग असा का वागतो?

पेठेतला_पैलवान

सोनचाफा, तुम्ही अगदी नस पकडलीत.

लायगर त्या रात्री एकाच वेळी तीन गोष्टी आहे. स्पर्धेची कल्पना त्याची. हॉलमधला सगळ्यात मोठा माणूस तो. आणि मोठ्या कंपनीचा पैलवान तो, समोर ईशान्य जपानातल्या गावागावांत तंबू टाकून खेळणाऱ्या, जेमतेम वर्षभरापूर्वी निघालेल्या मिचिनोकु प्रोचा पोरगा. त्या टाळ्यांत हे सगळं आहे. 'गावाकडून आलात, इथे दोर जरा उंच असतात' असं ते वाजवणं. आणि पुढच्या क्षणी तोच माणूस खांदे टेकवतो. स्वतः मांडव घातला, स्वतः आमंत्रणं दिली आणि पंगतीत मानाचं पान पाहुण्याला दिलं. यजमानाने असं हरणं मोठ्या कंपन्यांत फार कमी दिसतं. आपल्याच घरात आपणच जिंकायचं, हा तिथला सर्वसाधारण रिवाज.

म्हणून मला अंतिम लढतीपेक्षा ही मोठी वाटते. निशाचर यांचं कसबाचं म्हणणं मी कापत नाही. पण अंतिम लढतीत दोन उत्तम पैलवान लढतात. उपांत्य लढतीत लायगर त्याची सगळी प्रतिष्ठा दुसऱ्याच्या नावावर करून देतो, आणि तेही स्वतःला थोडं वाईट दाखवून.

निशाचर_नागपूर

हे पटलं. तरी अंतिमच वरची.

मेकॅनिकल_मंदार

मी व्हिडिओ पाव वेगाने चालवून बघितला. नानांनी सांगितलं तसं. माझी निरीक्षणं :

सासुकेचा पाय दोरावर पडतो तो बोटांवर, टाचेजवळचा भाग हवेत. झेप घ्यायची तर पायाचा मधला भाग हवा. ठरवून घसरायचं असतं तर पाय नीट ठेवून मग सोडला असता, कारण तसं पडणं कमी धोक्याचं.

लायगर टाळ्या लगेच वाजवत नाही. आधी एक पाऊल पुढे टाकतो, थांबतो, मग वाजवतो. ठरलेलं असतं तर तो थांबला नसता.

म्हणून माझं मत : घसरणं खरं, टाळ्या उत्स्फूर्त, शेवट आधी ठरलेला असला तरी त्याची वाट तिथल्या तिथे बदललेली.

खवचट_काकू

मंदार, तुम्हाला सुट्टी आहे का आज?

मेकॅनिकल_मंदार

वर्क फ्रॉम होम.

साधना_कर्वेनगर

पण मंदार, लायगर थांबला याचा अर्थ तो उत्तम नट आहे असाही निघतो. मला तर वाटतं पडायचं ठरलं होतं, फक्त इतकं जोरात पडायचं ठरलं नव्हतं. दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या खऱ्या.

मुंबईचा_जावई

साधनाताईंना संपादक मंडळात घ्या.

काडीपेटी

सासुकेचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. २००३ मध्ये मुखवटा घालून इवाते प्रांताच्या विधानसभेवर निवडून आला राव! सभागृहात मुखवटा काढा म्हणून बाकीच्यांनी कटकट केली. हा म्हणाला, मतं मुखवट्याला पडलीत. २००७ मध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिला, पडला.

आपल्याकडे मुखवटे काढायला लावायचे तर सभागृह रिकामं होईल.

खवचट_काकू

काडीपेटी, आज पहिल्यांदा तुमचा प्रतिसाद आवडला.

निशाचर_नागपूर

सासुके १९९६ मध्ये आठ ज्युनियर पट्टे एकत्र करून केलेला जे-क्राऊनही जिंकला, तोही र्योगोकुतच. म्हणजे लायगरने नावावर केलेली इस्टेट पोराने उडवली नाही, वाढवली. आणि गेडो, ज्याला इथे सगळे 'ठीक' म्हणून सोडतायत, तो पुढे न्यू जपानचा मुख्य बुकर झाला. कोण जिंकणार कोण हरणार हे वर्षानुवर्षं त्याने ठरवलं. त्याच्या तीन लढती त्या नजरेने परत बघा. मालेंकोसमोर एक, डेल्फिनसमोर दुसराच, पेगाससमोर तिसराच. समोरचा मोठा कसा दिसेल याचाच विचार.

वस्ताद_नाना

गेडो गडी हुशार हाय हे मी पैल्याच दिशी म्हणणार हुतो. नातू हसंल म्हणून गप बसलो.

आबा_परळकर

अल्टिमो ड्रॅगन या स्पर्धेत का नाही? तो तर वॉरचाच ना?

निशाचर_नागपूर

वॉरकडून या वेळी गेडो आला. ड्रॅगन १९९५ च्या दुसऱ्या जे-कपला आहे. १३ डिसेंबर १९९५, पुन्हा र्योगोकु, या वेळी यजमान वॉर. त्यात पेगासस विरुद्ध तरुण ख्रिस जेरिको आहे, आणि अंतिम फेरीत लायगरने गेडोला हरवलं. बाकी स्पर्धा म्हणून १९९४ इतकी घट्ट नाही. मध्येच ढेपाळते.

डॉ_फणसे

१९९५ ची मी बघेन. १९९४ मधल्या पेगाससच्या लढती सोडून बाकीच्या दहा परत बघितल्या काल. ब्लॅक टायगर-ताका लढतीकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय. ताका वीस वर्षांचा, शिडशिडीत, आणि एडी त्याला मार देता देता सांभाळतो कसा ते बघा. प्रत्येक वेळी पोराचं डोकं कुठे आहे याकडे त्याचं लक्ष आहे. मी व्यवसायामुळे हेच बघतो, क्षमस्व.

रेवती_ओसाका

डॉक्टर, क्षमस्व कशाला. उलट हे वाचून ती लढत परत लावली.

कुणाला बायकांच्या कुस्तीत रस आहे का? एप्रिल १९९३, योकोहामा अरीना, अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबु कांदोरी. या धाग्यातल्या कुठल्याही लढतीपेक्षा ती जास्त भीतीदायक आहे, आणि माझ्या मते जास्त चांगलीही. रक्त बरंच आहे हे आधीच सांगते.

साधना_कर्वेनगर

काढा धागा. मी आहे.

पेठेतला_पैलवान

रेवती, जरूर काढा. पण 'जास्त चांगली' यावर तिथे येऊन भांडणार.

वस्ताद_नाना

रविवारी काढा. नातवाची परीक्षा हाय, त्यो मोकळा झाल्याबिगर मला लावून कोण देणार.